सदरच्या अंगणात द्राक्षांचा मांडव

नागपूरचे नाव निघाले की संत्र्याचे नाव निघावयाचे आणि द्राक्षाचे नाव निघाले की नाशिक-सांगलीचे, फार तर सोलापूर-बारामतीचे, ही फळांची वाटणी आपल्या मनात इतकी पक्की झालेली आहे की, सदर किंवा सिव्हिल लाइन्समधील एखाद्या जुन्या बंगल्याच्या पोर्चवर द्राक्षवेल पसरलेली दिसली तरी येणारा-जाणारा तीस शोभेची वेल समजून पुढे जातो. आणि बहुधा त्याचा समज खराही असतो, कारण ज्या घरमालकाने ती लावली त्याच्या पदरी वर्षानुवर्षे पानांवाचून दुसरे काही पडलेले नसते. वेल चांगली पाहून आणली, खत घातले, पाणी घातले, ती मांडवभर झाली, परंतु घड म्हणून दृष्टीस पडत नाही, ही तक्रार या शहरात नेहमी ऐकू येते आणि तिच्या पाठोपाठ नागपूरच्या हवेत द्राक्ष होत नाही हा निकालही ऐकू येतो. हवेचे काही दोष आहेत आणि त्यांचा विचार पुढे ओघाने येईलच; परंतु मांडवभर वाढूनही न फळणाऱ्या वेलीच्या बाबतीत अपराध बहुतेक वेळा न चाललेल्या कात्रीचा असतो.

द्राक्ष हे मूळचे थंड हिवाळ्याच्या मुलखातील पीक. इराण, अफगाणिस्तान, फ्रान्स येथे हिवाळा आला की वेलीची पाने झडतात, काही महिने ती निद्रिस्त राहते आणि वसंतात आलेल्या नव्या फुटीबरोबर घड घेऊन उठते. म्हणजे तेथे वर्षाचे वेळापत्रक निसर्ग ठरवितो, माणसाने हिवाळ्यात एकदा छाटून द्यावयाचे एवढेच. दख्खनच्या पठारावर मात्र वेलीला गाढ झोप लागेल अशी थंडी पडत नाही. ती बारमाही हिरवी राहते आणि छाटाल तेव्हा फुटते. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तेथील द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे नमूद करून ठेवले आहे, ते या गुणामुळेच. पुढे आपल्याकडील बागाईतदारांनी अनुभवाने असा दस्तूर पाडला की, पावसाळ्यात येणारे पीक आंबट राहते व सडते, तेव्हा त्याचा लोभ सोडून वर्षात छाटण्या दोन करावयाच्या आणि पीक एकच घ्यावयाचे: उन्हाळ्याच्या तोंडी खरड छाटणी, जिच्यापासून फळाची अपेक्षा न करता केवळ नवी काडी तयार करून घ्यावयाची, आणि पावसाळा सरताच फळछाटणी, जिला गोड्या बहाराची छाटणी असेही म्हणतात. ज्या नागपूरकराचे काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेशी नाते आहे त्याला हे समजावयास अडचण पडू नये. संत्र्याच्या झाडालाही पाणी तोडून ताण दिल्यावाचून बहार धड फुटत नाही. तेथे जे काम ताणाने होते ते द्राक्षाच्या बाबतीत कात्रीने होते.

इतके ध्यानात घेतल्यावर पहिला प्रश्न जागेचा. सदरमधील जुन्या आवारांत कडुनिंब, चिंच, आंबा यांची मोठमोठी झाडे आहेत आणि त्यांची सावली आपणां सर्वांस प्रिय आहे. परंतु त्या सावलीत लावलेली द्राक्षवेल सुखाने वाढेल, फळणार मात्र नाही, कारण काडीच्या डोळ्यात घडाची धारणा होण्यास त्या डोळ्यापर्यंत ऊन पोहोचावे लागते. तेव्हा दिवसाकाठी निदान सहा-सात तास ऊन लागेल अशी जागा निवडावी. घराच्या पश्चिमेकडील भिंत जेथे दुपारी भट्टीसारखी तापते, तेथे भिंतीपासून तीन-चार फूट अंतर सोडून वेल लावली आणि मांडव भिंतीकडे वळविला तर वेलीला ऊन मिळते व मे महिन्यात घराला सावली मिळते. नागपुरात द्राक्षवेल लावण्याचे हे दुसरे प्रयोजन पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे असे माझे मत आहे; घडांचे वर्ष कधी साधेल, कधी फसेल, सावलीचे वर्ष सहसा फसत नाही.

जमिनीच्या बाबतीत आपले शहर मोठे चमत्कारिक आहे. साऱ्या देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था अमरावती रस्त्यावर आहे, आणि तरीही आपल्याच अंगणात काय आहे हे खड्डा खणल्यावाचून कळत नाही. एका आवारात हात-दोन हात काळी चिकण माती लागते, शेजारच्या आवारात वीतभर खणताच मुरूम लागतो, आणि जेथे जुने बांधकाम पाडून नवे उभे केले आहे तेथे चुना-विटांचा राडारोडा लागतो. मुरमाची जमीन द्राक्षाला मानवते, कारण तीत पाणी थांबत नाही. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून मुळ्या कुजविते आणि उन्हाळ्यात भेगाळून त्या तोडते, म्हणून काळ्या मातीत तीन फूट लांब, रुंद व खोल असा खड्डा घेऊन तळाशी वीतभर विटांचे तुकडे व मुरूम घालावा, वर निम्मी माती व निम्मा बारीक मुरूम यांत दोन मोठ्या टोपल्या कुजलेले शेणखत, किलोभर निंबोळी पेंड आणि अर्धा किलो सुपर फॉस्फेट मिसळून भरावे आणि भराव जमिनीच्या पातळीहून अर्धा-पाऊण फूट उंच ठेवावा, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या झडीत बुंध्याशी पाणी साचणार नाही. खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू दिला तर उत्तम; नागपूरचे ऊन येथे फुकटचे औषध आहे. चुन्याचा राडारोडा असेल तो शक्य तितका काढून टाकावा. चुनखडीच्या जमिनीत वेलीला लोह घेता येत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात; तसे दिसल्यास लिटरभर पाण्यात तीन-चार ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारावे.

आता जात कोणती लावावी? बाजारात विकत मिळणारी लांबट, बिनबियांची हिरवी द्राक्षे थॉम्पसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशा जातींची असतात, तर काळी बिनबियांची बहुधा शरद सीडलेसची. यांचा स्वाद निःसंशय श्रेष्ठ. परंतु बागाईतदार त्यांना जपण्यासाठी हंगामात किती फवारण्या करतो आणि मणी लांब-जाड होण्यासाठी घड जिब्रेलिक आम्लात किती वेळा बुडवितो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना घरच्या वेलीवर तसा घड मिळण्याची आशा धरता येणार नाही. घरचा मणी लहानच राहतो. तो गोड असतो, पण लहान असतो. ज्यांना फवारणीचा उपद्व्याप नको आहे त्यांनी बंगलोर ब्लू ही काळसर, जाड सालीची, बिया असलेली जात लावावी; तिला एक उग्र, अत्तरासारखा वास असतो, तो काहींना आवडतो, काहींना नाही, परंतु रोगांपुढे ती सहजी मान टाकत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-५१६ ही जात काढली आहे. तीही बुरशीजन्य रोगांना फारशी दाद देत नाही आणि फळछाटणीपासून ११० ते १२० दिवसांत तयार होते, ही गोष्ट नागपूरसारख्या ठिकाणी, जेथे फेब्रुवारीअखेर ऊन चढू लागते, फार सोयीची आहे. रस काढून प्यावयाचा असेल तर या दोन्ही काळ्या जाती उत्तम. मोठ्या मांडवाची हौस असणाऱ्यांनी अनाब-ए-शाहीची चौकशी करावी. १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी हैदराबादेत आणलेली ही जात एके काळी दख्खनमध्ये फार नावाजलेली होती आणि तिची वेल पसरू लागली की अंगण अपुरे पडते. तिला केवडा हा बुरशीचा रोग मात्र लवकर धरतो.

रोप रोपवाटिकेतून आणावे किंवा ओळखीच्या वेलीची काडी घेऊन घरीच करावे. रोपवाटिकेतील रोप बहुधा डॉगरीज नावाच्या जंगली खुंटावर कलम केलेले असते. हा खुंट पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो, म्हणून कलम घेणे श्रेयस्कर. परंतु कलमाचा जोड मातीच्या वर निदान वीतभर राहील असे लावावे आणि जोडाखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसताच खुडावा. असा फुटवा एक उन्हाळा दुर्लक्षित राहिला तर तो वरच्या कलमाला मारून स्वतः मांडवावर चढतो, आणि मग मालक जी वेल कौतुकाने वाढवीत असतो ती खाण्याच्या द्राक्षाची नसतेच. खुंटाचे पान जाड, बहुधा अखंड असते, आपल्या द्राक्षाच्या पानासारखे कातरलेले नसते. एवढी खूण पुरे. घरीच रोप करावयाचे असल्यास ऑक्टोबरच्या छाटणीतील तपकिरी झालेली, पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगत आडवा आणि वरचा काप डोळ्यापासून बोटभर वर तिरपा घ्यावा, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. दोन डोळे मातीत आणि दोन वर ठेवून ती पिशवीत लावावी व सावलीत ओलसर राखावी. पालवी आधी फुटते आणि मुळ्या मागाहून येतात, म्हणून पालवी पाहून घाईने पिशवी फोडू नये.

लावणीला जानेवारीचा उत्तरार्ध ठीक. तेव्हा लावलेले रोप एप्रिलपर्यंत मुळ्या धरते. पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्याच्या पश्चिमेस गोणपाटाचा किंवा हिरव्या जाळीचा आडोसा उभा करावा, बुंध्याभोवती उसाचे पाचट किंवा वाळलेला पालापाचोळा चार बोटे जाड पसरावा आणि वाळवी लागू नये म्हणून त्याखाली थोडी निंबोळी पेंड घालावी. पाणी सकाळी द्यावे. येथे एक खास नागपुरी चूक सांगून ठेवतो. आपल्याकडे घरोघर कूलर चालतात आणि दर आठवड्यास टाकीतले उरलेले पाणी जवळच्या झाडाला ओतण्याची रीत आहे; परंतु त्या टाकीतील पाणी दिवसेंदिवस आटत जाऊन त्यातले क्षार मागे राहिलेले असतात, वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो तो तेच क्षार दाखवितो, आणि द्राक्षाला क्षार मानवत नाहीत. पानांच्या कडा तांबूस होऊन करपू लागल्या की आधी कूलरच्या पाण्याची चौकशी करावी. त्याच कारणास्तव पालाशाचे खत घालताना म्युरेट ऑफ पोटॅश न घालता सल्फेट ऑफ पोटॅश घालावे. वाढलेल्या वेलीस ऐन उन्हाळ्यात रोज दीड-दोन बादल्या पाणी पुरते. आळे बुंध्याला लागून न करता दीड-दोन फूट लांब करावे, कारण पाणी पिणाऱ्या मुळ्या तेथे असतात.

मांडव सात फूट उंच असावा, म्हणजे खाली खाट टाकून बसता येते आणि कात्री चालविण्यास शिडी लागत नाही. दहा फूट बाय बारा फूट एवढ्यास एक वेल पुरेशी होते. लोखंडी अँगलचा सांगाडा करून दीड-दीड फुटावर तारा ओढाव्यात. लोखंडास पांढरा रंग द्यावा, कारण मे महिन्यात तापलेल्या लोखंडाला कोवळा शेंडा टेकला की करपतो. रोपाची एकच जोमदार फूट बांबूच्या आधाराने सरळ वर न्यावी, वाटेतील बगलफुटी काढीत जाव्यात, आणि शेंडा तारेपर्यंत पोहोचला की तारेच्या वीतभर खाली तो खुडावा; त्याखालून दोन किंवा चार फुटी येतील, त्यांना चार दिशांना तारांवर बांधून ओलांडे करावेत. ओलांडा एका दमात टोकापर्यंत पळू द्यावयाचा नाही. हात-दीड हात वाढला की शेंडा खुडावा, मागच्या डोळ्यांतून काड्या निघू द्याव्यात, मग पुढच्या फुटीने पुन्हा तेवढेच अंतर चालावे. जो ओलांडा एकदम धावतो त्याचे मधले डोळे आंधळे राहतात आणि मांडवाचा मध्यभाग कायमचा उघडा पडतो.

या सर्व खटाटोपास एक वर्ष लागते, आणि दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये पहिली खरड छाटणी येते. नाशिककडे ती एप्रिलात करतात. नागपूर नाशिकच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर आहे, येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे आणि त्या उन्हात नुकतीच फुटलेली कोवळी फूट तग धरीत नाही. म्हणून आपण तीच छाटणी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, काढणी लवकर आटोपली असेल तर होळीच्या सुमारासच, करून टाकावी. ओलांड्यावरील प्रत्येक काडी एक किंवा दोन डोळे ठेवून सरसकट कापावयाची. मांडव त्या दिवशी अगदी उघडाबोडका दिसतो आणि घरातील मंडळी हळहळतात, त्यातून कापलेल्या टोकांतून दोन-तीन दिवस थेंब थेंब रस गळतो, तेव्हा वेल रडते म्हणून कुणी तरी कात्रीच काढून घेते. परंतु हा रस म्हणजे मुळ्या कामाला लागल्याची निशाणी आहे, त्याने वेलीचे काही बिघडत नाही. ओलांड्यांवर दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडावे किंवा ओले गोणपाट टाकावे, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. एप्रिलअखेर पाने पुन्हा भरतात आणि जेव्हा सावलीची खरी गरज लागते तेव्हा सावली हजर असते.

त्यानंतरचे सहा आठवडे वर्षातील सर्वांत महत्त्वाचे असतात आणि नेमके तेव्हाच कुणाचे लक्ष नसते. छाटणीनंतर सुमारे ४० ते ६० दिवसांच्या मुदतीत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढील हिवाळ्यात बाहेर यावयाच्या घडांची सूक्ष्म रचना होत असते. त्या वेळी गर्दी होऊन डोळे अंधारात राहिले, किंवा नत्राची खते घालून काडी माजविली, तर डोळ्यांत घडाऐवजी बाळीच, म्हणजे आधाराला वेटाळणारा नुसता तंतू, तयार होते, आणि ऑक्टोबरात कितीही कौशल्याने छाटले तरी जे आत नाही ते बाहेर येणार कोठून? म्हणून फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या जादा फुटी, वेळीच काढाव्यात, दर वीतभर अंतरावर एक काडी राहील एवढीच संख्या ठेवावी, काडी दहा-बारा पानांची झाली की शेंडा खुडावा, आणि शेणखत व पेंड छाटणीच्या वेळी एकदा दिल्यावर मे महिन्यात पुन्हा हिरवळ वाढविणारे खत देण्याचा मोह आवरावा. मोठे बागाईतदार पुढे काडीचे डोळे प्रयोगशाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि कितव्या डोळ्यावर छाटावे ते ठरवितात. आपल्याला तेवढे करण्याचे कारण नाही.

पावसाळा हा रोगांचा अंमल. सुमारे ११०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, म्हणजे पाने सदोदित ओली. पानाच्या वर तेलकट पिवळे डाग आणि त्याच डागांखाली पांढरी लव दिसली तर तो केवडा. कोवळ्या फुटीवर व पानांवर काळपट खोलगट ठिपके पडले तर करपा. पुढे कोरड्या थंडीत पानांवर, मण्यांवर राखेसारखी भुकटी दिसली तर ती भुरी. पहिल्या दोहोंवर बोर्डो मिश्रण हा १८८० च्या दशकात फ्रान्समधील बोर्डो परगण्यात सापडलेला उपाय आजही घरच्या बागेला पुरेसा आहे. दहा लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात आदल्या रात्री प्लास्टिकच्या बादलीत भिजत घालावे, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या बादलीत विरवून पाच लिटर करावा, निवल्यावर गाळावा आणि दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतून लाकडी काठीने ढवळावीत. लोखंडाचे किंवा पत्र्याचे भांडे वापरू नये. तयार झालेल्या आकाशी रंगाच्या मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद अद्याप मोकळे आहे, ते पानांना भाजील, म्हणून आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी आणि खिळा स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पाहावे. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम प्रमाणे थंड वेळी फवारावे. ऊन तापलेले असताना गंधक मारल्यास पाने होरपळतात. घड धरल्यानंतर निळ्या मिश्रणाचे डाग मण्यांवर राहतात, तेव्हा बोर्डोचा उपयोग पावसाळ्यापुरता आणि छाटणीनंतर लगेच एवढाच ठेवावा, आणि कोणत्याही फवारणीनंतर औषधाच्या पुडक्यावर सांगितलेली मुदत पाळल्यावाचून फळ तोंडात टाकू नये.

फळछाटणीची तारीख हा नागपूरकराच्या कौशल्याचा भाग आहे. घाई करून सप्टेंबरात छाटले तर परतीचा पाऊस कोवळ्या घडांवर पडून केवडा आख्खे पीक नेतो; लांबणीवर टाकून नोव्हेंबरात छाटले तर डोळे फुटतात न फुटतात तोच थंडी येते आणि वाढ अडते, कारण येथील थंडी नाशिकप्रमाणे लहरी आहे, किमान तापमान आठ-नऊ अंशांवर येणे वर्षाआड तरी घडतेच आणि २०१८ च्या डिसेंबरअखेर तर ते साडेतीन अंशांवर गेले होते. शिवाय उशिराचे घड मार्चच्या उन्हात सापडतात. तेव्हा १० ते २५ ऑक्टोबर ही मुदत धरावी. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या दरम्यान छाटावे असाही ठोकताळा सांगता येईल, परंतु अधिकमासाच्या वर्षी पंचांग पुढे सरकते, म्हणून तारखेवरच भरवसा ठेवलेला बरा. छाटणीपूर्वी दहा-बारा दिवस पाणी कमी करून पाने हाताने काढावीत. थॉम्पसनच्या कुळातील जातींत घड बुंध्याकडील डोळ्यांत फारसा नसतो, तो सहाव्या-सातव्या डोळ्याच्या आसपास असतो, म्हणून काडीवर सात-आठ डोळे राखावेत. बंगलोर ब्लूला तीन-चार पुरतात. मार्चमध्ये जो हात निर्दय हवा तोच येथे आखडता घ्यावा लागतो, आणि वेल न फळण्याच्या कारणांत हे एक कारण वारंवार आढळते: माळी दोन्ही वेळा सारखेच आखूड कापून देतो. छाटलेली काडी किंचित वाकवून तारेला बांधावी, म्हणजे टोकाच्याच एका डोळ्याने सगळा जोर न घेता इतरही फुटतात. डोळे फुटावेत म्हणून शेतावर लावतात ते हायड्रोजन सायनामाइड अत्यंत विषारी आहे; घराच्या आवारात, जेथे मुले-बाळे वावरतात, त्यास थारा देऊ नये.

दोन आठवड्यांत लोकरीसारख्या गुलाबी-पांढऱ्या वेष्टणातून फूट बाहेर येते आणि चौथ्या-पाचव्या पानाशी हिरवा, मोहरीच्या दाण्यांचा असावा तसा इवलासा घड दिसू लागतो. घड नसलेल्या फुटी त्याच वेळी काढाव्यात आणि घडाच्या पुढे आठ-दहा पाने राखून शेंडा खुडावा. घडाला अन्न या पानांनी पुरवावयाचे आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत वरून पाणी मारू नये. मणी ज्वारीएवढे झाले की विरळणी करावी: डाव्या हाताच्या दोन बोटांत घडाचा दांडा हलकेच धरावा, टोकदार कात्रीने आधी घडाचे शेपूट तोडावे, मग बाजूच्या पाकळ्यांपैकी एक सोडून एक काढावी, आणि आतल्या बाजूचे दडलेले मणी तेवढे टिपावेत. घडाला खांदा किंवा केस लागू देऊ नयेत, मण्यावर एकदा ओरखडा पडला की तो डाग शेवटपर्यंत राहतो. निम्मा घड जमिनीवर पडलेला पाहून जीव हळहळतो, परंतु विरळणी न केलेल्या घडात मणी एकमेकांस चेपून आतून सडू लागतात. पहिल्या पिकास वेलीवर वीस-पंचवीसच घड ठेवावेत. पुढे वेल जसजशी जून होईल तसतसे चाळीस-पन्नास घडांपर्यंत जाण्यास हरकत नाही.

जानेवारीत मण्यांत पाणी उतरते, म्हणजे कठीण हिरवा मणी मऊ व पारदर्शक होऊ लागतो. तेव्हापासून पाण्यात एक दिवस चैन आणि चार दिवस कोरडे असा कारभार केल्यास मणी तडकतात; थोडे, पण नियमित द्यावे. कडाक्याच्या थंडीत हिरव्या जातींचे मणी क्वचित गुलाबी पडतात. बागाईतदाराचा त्यात भाव जातो, आपले काही जात नाही. बुलबुल, साळुंक्या, पोपट आणि खारी यांना मात्र आपल्याआधी बातमी लागते, म्हणून प्रत्येक घडाला मलमलची किंवा जाळीची पिशवी बांधावी. प्लास्टिकची बांधल्यास आत घाम धरून घड कुजतो. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पाऊस आणि गारपीट यांना विदर्भात चुकविता येत नाही. आकाश भरून आले आणि घड खाण्याजोगे असतील तर थोडे आंबट का होईना, उतरवून घ्यावेत.

द्राक्ष झाडावरून काढल्यानंतर आंब्याप्रमाणे अढीत पिकत नाही, ते जितके गोड काढाल तितकेच राहते. घडाचे खालचे टोक सर्वांत शेवटी गोड होते. तेव्हा वरचा मणी चाखून फसू नये, अगदी खालचा चाखावा आणि तो गोड लागला की सकाळी ऊन चढण्यापूर्वी दांड्यासकट घड कापावा. काढणीनंतर वेलीला दोन-तीन आठवडे विसावा द्यावा, तेवढ्या अवधीत दोन टोपल्या शेणखत व पेंड आळ्यात मिसळावी, आणि मग खरड छाटणीस हात घालावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्या वेळी लावण्यासाठी काड्या मागितल्या तर त्यांना ऑक्टोबरपर्यंत थांबण्याची विनंती करावी, कारण मार्चमध्ये दिलेली काडी पालवी दाखविते आणि मुळ्या फुटण्यापूर्वीच आपल्याकडील उन्हाने वाळून जाते.